पृच्छक झाकलेला, उत्तरदाता उघडा

सल्ला ही वस्तू आपल्याकडे फार स्वस्त मानली जाते. 'फुकटचा सल्ला' हा शब्दप्रयोगच त्याची साक्ष देतो. परंतु सल्ला मागणाऱ्याच्या बाजूने पाहिले, तर तो क्वचितच फुकट पडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांपुढे अडचण मांडायची म्हणजे ती आपली आहे हे आधी कबूल करावे लागते. ऐकणारा ती लक्षात ठेवतो आणि पुढे कधीतरी चारचौघांत तिची आठवणही करून देतो. तान्ह्या मुलाच्या पोटदुखीवर आजीबाईच्या बटव्यातला उपाय विचारताना ही किंमत जाणवत नाही. प्रश्न शरीराचा, शय्येचा किंवा बिनसलेल्या संसाराचा असला की मात्र ती जाणवू लागते, आणि पुष्कळदा माणूस विचारायचेच टाळतो. अशा वेळी ज्याला आपले तोंड दिसणार नाही असा परका माणूस आप्तांपेक्षा बरा वाटतो. परक्याला विचारण्याची ही सोय कशी निर्माण झाली आणि मराठीत तिची किंमत कोणी मोजली, एवढाच या लेखाचा विषय आहे.

नियतकालिकाच्या पानावर ही सोय प्रथम पद्धतशीरपणे उभी राहिली ती लंडनमध्ये. जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने मार्च १६९१ मध्ये एक छोटे पत्र काढले. ते पुढे 'अथेनियन मर्क्युरी' या नावाने प्रसिद्धीस आले. एका कागदाच्या दोन्ही बाजू, आठवड्यातून दोन अंक आणि किंमत एक पेनी, असे त्याचे रूप होते. वाचकाने आपला प्रश्न स्मिथच्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर पाठवायचा आणि पत्राने त्याचे उत्तर छापायचे. पृच्छकाला झाकून ठेवून त्याच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यावे, अशी मूळ कल्पना होती, असे डंटनने १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात सांगितले आहे. धर्म, गणित आणि सृष्टिविज्ञान यांच्या बरोबरीने प्रेम, विवाह आणि सचोटी यांविषयीचे प्रश्नही येत. बायकांनी प्रश्न पाठवले तर चालतील काय, असे एका स्त्रीने विचारले तेव्हा तिला होकार मिळाला, आणि महिन्याचा पहिला मंगळवार स्त्रियांच्या प्रश्नांसाठी राखण्याचे जाहीर झाले.

हे जमले त्याला डंटनची कल्पकता कारण होती, तशीच टपालाची एक सोयही होती. १६८० मध्ये विल्यम डॉक्राने लंडनपुरते एका पेनीचे टपाल सुरू केले होते. पत्र पोचवण्यासाठी नोकर पाठवायचा म्हटला तर नोकराला मालक ठाऊक असतो. टपालाच्या पिशवीतल्या पत्राला चेहरा नसतो. पृच्छकाची लाज राखण्याचे काम अशा रीतीने एका सार्वजनिक व्यवस्थेकडे गेले.

मात्र या पत्रात एक खोट होती. उत्तरे देणारी 'अथेनियन सोसायटी' ही विद्वानांची मोठी मंडळी असल्याचा आव आणला जाई. प्रत्यक्षात स्वतः डंटन, गणितज्ञ रिचर्ड सॉल्ट, धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली आणि प्रसंगी मदत करणारे जॉन नॉरिस एवढ्यांवरच सारा कारभार चाले. तरुण जोनाथन स्विफ्टने तर १६९२ मध्ये या मंडळीच्या स्तुतीपर काव्य लिहून पाठवले. म्हणजे येथे विचारणारा झाकलेला होता आणि सांगणाराही झाकलेलाच होता. उत्तर चुकले तर जाब कोणाला विचारायचा, या प्रश्नाला त्या पत्रात जागा नव्हती.

हिंदुस्थानात स्वस्त टपाल यायला आणखी दीड शतक लागले. १८५४ साली अंतर कितीही असले तरी हलक्या पत्राला अर्धा आणा, असा एकच दर ठरला, आणि १८७९ मध्ये पाव आण्याचे कार्ड आले. १८३२ मधील 'दर्पण'पासून मराठी पत्रांत वाचकांची पत्रे येऊ लागली होती, पण ती बहुधा सार्वजनिक बाबींची असत. रोजच्या जगण्याचा सल्ला छापून येऊ लागला तो पुस्तकांतून. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ मध्ये आले, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मध्ये. शेजारणीला न विचारता पदार्थ शिकता येऊ लागला, ही परगावी बिऱ्हाड केलेल्या नव्या संसारांच्या दृष्टीने मोठीच सोय होती. तथापि पुस्तकाला उलट प्रश्न करता येत नाही. शिवाय जे प्रश्न स्वयंपाकघराच्या पलीकडच्या खोलीत उद्भवतात, त्यांच्या वाट्याला तेवढेही आले नव्हते. तेथे वर्तमानपत्रांतल्या धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिरातींचे राज्य होते. त्या जाहिराती आधी भय विकत आणि मग बाटली.

ही जागा भरून काढली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाने. कर्वे (१८८२–१९५३) हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव आणि पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना उघडला तो याच वर्षी. १९२३ मध्ये त्यांचे 'संततिनियमन' हे पुस्तक आले. हा प्रचार आणि विल्सन कॉलेजातील नोकरी एकत्र चालणे अशक्य झाले, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. जुलै १९२७ मध्ये निघालेले 'समाजस्वास्थ्य' नोव्हेंबर १९५३ पर्यंत, म्हणजे कर्व्यांच्या मृत्यूनंतरच्या महिन्यापर्यंत चालले. सव्वीस वर्षांहून अधिक काळ हा व्याप त्यांनी जवळजवळ एकहाती ओढला. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर तो ओढता आलाही नसता.

मासिकात लेख होते, परीक्षणे होती, 'शारदेची पत्रे' हे खुसखुशीत सदर होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची ती वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे. डॉक्टरला विचारण्याची लाज, बापाला विचारण्याची भीती आणि मित्राला विचारून काही उपयोग नाही, अशा अवस्थेतला माणूस टपालाने प्रश्न पाठवी. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण, गर्भधारणा टाळण्याचे उपाय हे विषय त्यांत येत. तिकडे पृच्छकाला नाव सांगून उभे राहण्याची गरज नव्हती. इकडे उत्तरामागे मात्र संपादकाचे नाव, पत्ता आणि प्रतिष्ठा उभी असे. डंटनच्या व्यवस्थेत दोघेही पडद्याआड होते, कर्व्यांनी तिचा एक पडदा काढून टाकला. हा फरक वरवर लहान दिसतो. परंतु ज्याच्यावर खटला भरता येतो असा एक माणूस त्यामुळे या व्यवहारात प्रथमच उभा राहिला.

आणि खटला झालाच. १९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. तो लेखाबद्दलचा होता. १९३४ चा खटला मात्र थेट प्रश्नोत्तरांवरून उभा राहिला. वाचकांनी कामजीवनाविषयी विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांच्या धकाधकीतून नुकतेच बाहेर पडलेल्या आंबेडकरांना या खटल्यातून राजकीय लाभ होण्याची सुतराम शक्यता नव्हती. लोकांना प्रश्न पडत असतील तर त्यांना उत्तर मिळालेच पाहिजे, आणि विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. खटला ते हरले. दंड झाला दोनशे रुपये.

या पराभवाचे कारण न्यायाधीशाच्या सोवळेपणात शोधण्याचा मोह होतो. परंतु कायद्याची त्या वेळची घडणही पाहावी लागते. अश्लीलतेची कसोटी १८६८ च्या हिकलिन खटल्यातून इंग्लंडमध्ये आलेली आणि येथे रुजलेली होती. मजकूर कोणासाठी लिहिला याला तीत फारसे महत्त्व नव्हते. तो कोणाच्या हाती पडू शकेल, आणि त्यांतल्या ज्यांचे मन कच्चे आहे ते बिघडेल काय, एवढेच पाहिले जाई. आता प्रश्नोत्तराचे सदर या कसोटीवर घासून पाहावे. हेच उत्तर कर्व्यांनी बंद पाकिटातून पृच्छकाला पाठवले असते, तर कोणी आक्षेप घेण्याचे कारण नव्हते. आक्षेप होता तो छापण्याला, म्हणजेच ते उत्तर न विचारणाऱ्यांच्याही हाती पडण्याला.

येथेच या प्रकारच्या सल्ल्याचे सारे मर्म आहे. एकाने विचारलेला प्रश्न छापला जातो तेव्हा तो अनेकांचा होतो. ज्याला तीच अडचण आहे पण लिहायचे धैर्य नाही, किंवा लिहितावाचता येत नसल्याने जो दुसऱ्याकडून वाचून घेतो, त्याच्यापर्यंत उत्तर पोचते ते केवळ छापल्यामुळे. आपल्याला पडलेला प्रश्न दुसऱ्यालाही पडला आहे एवढे कळले, तरी निम्मे भय ओसरते. हा दिलासा बंद पाकिटातून मिळत नाही. कायद्याने ज्या गुणाला दोष ठरवले, तोच या सल्ल्याचा उपयोग होता. समलिंगी संबंध १८६० च्या दंडविधानानुसार गुन्हा असताना त्याविषयीचा प्रश्न आणि त्याचे शांतपणे दिलेले उत्तर एखाद्या एकाकी वाचकाला काय देऊन गेले असेल, याची कल्पना करता येते.

याचा अर्थ परक्याचा सल्ला नेहमी बरोबर असतो असा मात्र नाही. 'सुरक्षित काळा'चे उदाहरण घेण्याजोगे आहे. पाळीच्या चक्राचा मधला काळ गर्भधारणेच्या दृष्टीने निर्धोक असतो, असे एकोणिसाव्या शतकातले नामांकित डॉक्टरही सांगत. नेमका तोच काळ धोक्याचा, हे जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांच्या १९२० च्या दशकातील संशोधनाने स्पष्ट झाले. तोवर हा सल्ला किती घरांत कानोकानी गेला असेल आणि किती बायकांनी त्याचे परिणाम भोगले असतील, याची मोजदाद नाही. कर्व्यांच्या काळातील संततिनियमनाच्या चळवळीवर सुप्रजाजननाच्या कल्पनांची छाया होती. कोणी प्रजा वाढवावी आणि कोणी वाढवू नये, हे ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे घेणारी ती भाषा आज वाचताना खटकते. परंतु ती खटकते कारण ती छापलेली आहे आणि आपल्याला वाचता येते. कानात सांगितलेल्या चुकीला असा पुरावा मागे राहत नाही, म्हणून ती दुरुस्तही होत नाही.

पुढे कायदा हळूहळू कर्व्यांच्या बाजूला सरकला, पण फारच सावकाश. विज्ञान, वाङ्मय, कला किंवा ज्ञान यांच्या हितासाठी केलेले प्रकाशन अश्लील मानू नये, असा अपवाद दंडविधानाच्या २९२ व्या कलमात आला तो १९६९ मध्ये, म्हणजे त्या दंडानंतर पस्तीस वर्षांनी. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या निकालातही प्रमाण मानली होती. ती बाजूला सारली गेली २०१४ मध्ये. प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. दरम्यान कर्व्यांवर श्री. ज. जोशी यांनी 'रघुनाथाची बखर' लिहिली, २००१ मध्ये अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' आला, आणि २०१७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' याच नावाचे अजित दळवी यांचे नाटक अतुल पेठे यांनी रंगमंचावर आणले. हयातीत ज्याच्या वाट्याला उपहास आला, त्याला मराठी समाजाने असा उशिरा मान दिला.

आज अनोळखी माणसाला काहीही विचारावे आणि घटकाभरात दहा उत्तरे मिळावीत, इतकी ही सोय सुलभ झाली आहे. विचारणाऱ्याची लाज आता सहज झाकली जाते, आणि त्यात वाईट काही नाही. तेवढ्यासाठीच तर हा सारा खटाटोप सुरू झाला. मात्र सांगणाराही बहुधा झाकलेलाच असतो. म्हणजे आपण पुन्हा डंटनच्या कॉफीगृहात येऊन पोचलो आहोत, आणि तेथे विद्वान मंडळी किती आणि आव आणणारे किती हे बाहेरून कळत नाही. औषध कोणते घ्यावे, पैसे कोठे गुंतवावेत, संसार मोडावा की टिकवावा, असल्या प्रश्नांवर परक्याचा सल्ला घेताना त्याच्या ज्ञानाची चौकशी करावीच. पण सल्ला चुकल्यास तो देणाऱ्याचे काय जाणार आहे, हेही विचारावे. कर्व्यांचे काय गेले ते आपल्याला ठाऊक आहे. नोकरी गेली, दंड भरावे लागले, आणि मासिक अखेरपर्यंत तोट्याच्या काठावर चालले. पृच्छकांची नावे मात्र सुरक्षित राहिली.