सोळा पौंडांची स्प्रिंग

नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, आणि ‘ब्राउनिंग’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. तो शब्द म्हणजे एका माणसाचे आडनाव, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकेतील युटा प्रांतातला, ऑग्डेन गावी १८५५ साली जन्मलेला बंदूककार. त्याच्या पिस्तुलांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या पोटातल्या वेटोळ्या तारेकडे मात्र इतिहासकार सहसा वळत नाहीत. वस्तुतः सारे यंत्र चालते ते तिच्या जिवावर.

आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाची युक्ती अशी की, बाराचा जो दणका हाताला बसून वाया जायचा, त्यालाच कामाला जुंपायचे. दणक्याने वरची स्लाइड मागे सरकते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि स्प्रिंग दाबली जाते. मग तीच स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाता जाता नवे काडतूस नळीत सारते. बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात आणि लुगरच्या १९०० च्या पिस्तुलात हे काम पोलादी पट्टीकडे होते. लुगरमध्ये १९०६ साली पट्टी जाऊन वेटोळी स्प्रिंग आली.

अमेरिकन सैन्याला नवे पिस्तूल हवे झाले ते फिलिपीन्समधील लढायांनंतर. तिथे ०.३८ व्यासाची रिव्हॉल्व्हरे चाल करून येणाऱ्या माणसाला थोपवीत नाहीत, असा अनुभव आला होता. १९०४ च्या चाचण्यांनंतर ०.४५ व्यासाचा आग्रह धरला गेला. मार्च १९११ मध्ये कोल्ट कंपनीने बनविलेले ब्राउनिंगचे पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल यांची अखेरची परीक्षा झाली. प्रत्येकी ६,००० बार झाडले गेले. दर शंभर बारांनंतर पाच मिनिटांची विश्रांती आणि दर हजारांनंतर साफसफाई, असा नेम होता. सॅव्हेज ३७ वेळा अडखळले, ब्राउनिंगचे एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी ते सैन्यात दाखल झाले आणि १९८५ पर्यंत सैन्याचे अधिकृत पिस्तूल राहिले.

या यशात स्प्रिंगेचा वाटा मोठा होता. पण ती २३० ग्रेन वजनाच्या एका ठरावीक गोळीशी जुळवलेली होती, ही गोष्ट पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेली.

सैन्याची अट अशी की, कोणत्याही पिस्तुलाचा कोणताही भाग दुसऱ्यात बसला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात ही पिस्तुले टाइपरायटरवाल्या रेमिंग्टन रँडने बनविली. आपल्याकडे शिंप्याच्या दुकानात जिचे नाव दिसे, त्या सिंगर कंपनीनेही सुमारे पाचशे बनविली. भाग अदलाबदलीचे असले की ते सुटे विकताही येतात; सुट्या स्प्रिंगांच्या व्यापाराचे मूळ इथे आहे.

त्याला गिऱ्हाईक मिळाले ते नेमबाजांचे. कागदी निशाणावर भोक पाडायला लढाईतली दारू कशाला? त्यांनी हलकी गोळी आणि थोडी दारू घेतली. दणका कमी झाला, मूळ स्प्रिंग तो पेलेना. स्लाइड अर्ध्यावरून परते आणि पुंगळी तोंडात अडके. मग बारा-तेरा पौंडांच्या हलक्या स्प्रिंगा आल्या. पाच इंची नळीच्या मूळ पिस्तुलासाठी सोळा पौंड हा आकडा रूढ झाला. स्लाइड पूर्ण मागे असताना स्प्रिंगेचा जो जोर भरतो, तो हा. १९५० च्या सुमारास कोल्टने ‘कमांडर’ काढले, त्याची स्लाइड आखूड आणि हलकी, म्हणून त्याला अधिक कडक, अठरा पौंडांची लागते.

येथे एक लोकप्रिय भ्रम आहे: जितकी कडक तितकी सुरक्षित. गोळी बाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकींत अडकवून धरतात त्या नळीवरच्या दातऱ्या. स्प्रिंगेचा तिथे वाटा अल्प. फाजील कडक स्प्रिंग मागचा आघात कमी करते हे खरे, पण स्लाइडला पुढे इतक्या वेगाने फेकते की पिस्तुलाचे तोंड खाली झुकते आणि कधी खालचे काडतूस वर येण्याआधीच ती निघून जाते. ज्याचा जीव त्या पिस्तुलावर आहे, त्याला हा हट्ट महाग पडेल. उलट फाजील मऊ स्प्रिंग सांगाड्याला दरवेळी हातोडा मारते.

म्हणून जाणते नेमबाज आधी काडतूस ठरवतात, मग स्प्रिंग. पुंगळ्या कुठे पडतात ते पाहतात. पायाशीच घरंगळल्या तर स्प्रिंग कडक, फार लांब उडाल्या तर मऊ. शेवटच्या बारानंतर स्लाइड मागे अडकून राहते की नाही, हेही पाहतात. काही हजार बारांनी स्प्रिंग थकतेच. जुनी नव्याशेजारी ठेवली की आखूड झालेली दिसते. नवीही पहिल्या काही बारांत किंचित आखडते आणि मग स्थिरावते, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती कोणी बदलीत नाही.