साठावा गोल

२०२२-२३मध्ये हालंडने लीगमध्ये ३६ गोल केले तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. मला मात्र एव्हर्टनचा डिक्सी डीन आठवला.

बर्कनहेडच्या रेल्वे कामगाराचा हा मुलगा १९२५मध्ये, १८व्या वर्षी एव्हर्टनला आला. पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघातात त्याची कवटी फुटली. तरी तो मैदानावर परतला आणि पुन्हा डोक्याने गोल करू लागला.

५ मे १९२८. हंगामाचा शेवटचा सामना, समोर आर्सेनल. डीनच्या नावावर लीगमधले ५७ गोल होते. आदल्या हंगामात दुसऱ्या विभागात कॅमसेलने ५९ केले होते. डीनने तीन मारले, तिसरा शेवटच्या काही मिनिटांत, हेडरने. सामना ३-३ असा सुटला, पण एव्हर्टन आधीच विजेते ठरले होते. लोक आले होते साठावा गोल पाहायला.

आणि या माणसाचा पगार? हंगामात आठवड्याला ८ पौंड. कमाल वेतनाचा नियमच होता. उभ्याने सामना पाहणाऱ्या कामगारांना तो आपल्यातलाच वाटे, याचं एक कारण मला इथे दिसतं.

१९३८मध्ये क्लबने त्याला विकलं. पुढे त्याने पब चालवला. १ मार्च १९८० रोजी एव्हर्टन-लिव्हरपूल सामना पाहताना, गुडिसन पार्कवरच, तो हृदयविकाराने गेला. २००१मध्ये मैदानाबाहेर त्याचा पुतळा उभा राहिला.

क्लबच्या वहीत त्याचा हिशेब १९३८मध्येच मिटला होता. चाहत्यांनी तो कधी मांडलाच नाही.