‘लेस’ की ‘फ्यूअर’?

शाळेत असताना इंग्रजीच्या वहीत मी एकदा असे लिहिले होते, की या खेपेस माझ्या हातून ‘लेस मिस्टेक्स’ झाल्या. गुरुजींनी ‘लेस’ या शब्दाखाली तांबड्या शाईची रेघ ओढली, वर ‘फ्यूअर’ असे लिहिले आणि अर्धा गुण कापला. चुका कमी झाल्याचे सांगता सांगताच एक चूक वाढली, म्हणून वर्ग हसला. मीही हसलो, पण त्या हसण्यात थोडी लाज मिसळलेली होती. पुढे पुष्कळ वर्षे इंग्रजी बोलताना हा शब्द जवळ आला, की जीभ क्षणभर अडखळत असे. हा नियम कोणी केला, केव्हा केला आणि तसा अधिकार त्याला कोणी दिला, हे प्रश्न मात्र त्या वयात सुचले नाहीत. व्याकरणाचे नियम हे डोंगरांप्रमाणे आपल्या आधीपासूनच उभे असतात, अशी आपली समजूत असते. या एका नियमाची जन्मकथा मात्र शोधता येते, आणि ती ऐकण्यासारखी आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. जे एक, दोन, तीन असे मोजता येते त्याच्यामागे ‘फ्यूअर’ लावावा. जे मोजता येत नाही, मापावे लागते, त्याच्यामागे ‘लेस’ लावावा. माणसे, पुस्तके, चुका यांना ‘फ्यूअर’. पाणी, साखर, राग यांना ‘लेस’. मराठी मुलाला हा भेद नवा वाटतो, यात नवल नाही. आपण ‘कमी पाणी’ म्हणतो आणि ‘कमी माणसे’ही म्हणतो. फारसीतून आलेला हा एक ‘कमी’ शब्द दोन्ही घरचे काम बिनतक्रार करतो. आपणच असे आहोत असेही नाही. जर्मन माणूस ‘वेनिगर’ या एका शब्दावर आणि फ्रेंच माणूस ‘म्वँ’ या एका शब्दावर दोन्ही ठिकाणी भागवून नेतो.

शिवाय हा नियम वाटतो तितका सरळही नाही. रुपये मोजता येतात, मैल मोजता येतात, वर्षेही मोजता येतात. तरीही दहा रुपयांहून कमी, पाच मैलांहून कमी, दोन वर्षांहून कमी असे म्हणताना चांगला इंग्रजी लेखक ‘लेस’च वापरतो. तेथे सुटी नाणी किंवा एकेक मैल त्याच्या मनात नसतो. एक रक्कम, एक अंतर, एक काळ असतो. म्हणजे वस्तू मोजता येते की नाही यापेक्षा बोलणारा तिच्याकडे कसा पाहतो आहे, यावर शब्दाची निवड अवलंबून असते. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीत हे मावत नाही.

आता थोडे मागे जाऊ. इंग्लंडातील वेसेक्स या राज्यावर 871 ते 899 या काळात आल्फ्रेड राजा राज्य करीत होता. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी मठ आणि ग्रंथालये उद्ध्वस्त झाली होती आणि लॅटिन जाणणारी माणसे दुर्मीळ झाली होती. तेव्हा लोकांना अत्यंत आवश्यक असे ग्रंथ त्यांच्याच भाषेत आणावेत, असे या राजाने ठरविले. बोएथिअस या रोमन तत्त्वज्ञाने सहाव्या शतकात बंदिवासात असताना लिहिलेल्या ग्रंथाचे जे जुने इंग्रजी भाषांतर आल्फ्रेडच्या नावावर आहे, त्यात ‘कमी शब्दांत’ या अर्थाने आजच्या ‘लेस’चेच जुने रूप वापरलेले आढळते. शब्द तर मोजता येतात! आजच्या गुरुजींनी त्या राजाच्या हस्तलिखितावरही तांबडी रेघ ओढली असती.

या प्रयोगामागे एक व्याकरणिक कारण होते. जुन्या इंग्रजीत ‘लेस’ हा येथे नामासारखा वापरला जाई आणि त्याच्यापुढील नाम षष्ठी विभक्तीत येत असे. ‘शब्दांचे कमी प्रमाण’ अशी काहीशी ती रचना होती. पुढे 1066 नंतरच्या दोन-तीन शतकांत इंग्रजीतील विभक्तिप्रत्यय झिजत गेले. षष्ठीची खूण गळून पडली आणि ‘लेस’ व अनेकवचनी नाम एवढेच शेजारी शेजारी उरले. ज्या प्रयोगाला आज अडाणीपणाचे लक्षण मानतात, तो अशा रीतीने भाषेच्या जुन्या घराण्यातून वारशाने आलेला आहे.

याच कथेचा दुसरा भाग अधिक विलक्षण आहे. ‘कमी’च्या बाबतीत ज्या भेदाचा आज आग्रह धरला जातो, तसा भेद ‘अधिक’च्या बाबतीत इंग्रजीत एके काळी खरोखरच होता. संख्येने अधिक असेल तर ‘मो’ आणि परिमाणाने अधिक असेल तर ‘मोर’ असे दोन शब्द चालत. शेक्सपिअरच्या लेखनात हा ‘मो’ भेटतो. 1611 साली छापल्या गेलेल्या बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातही तो भेटतो. त्यानंतर मात्र तो हळूहळू प्रचारातून गेला आणि त्या बायबलच्या नंतरच्या आवृत्त्यांत त्याच्या जागी ‘मोर’ येऊन बसला. त्याच्या जाण्याने कोणाचे काही अडले नाही. आज इंग्रज माणूस ‘मोर बुक्स’ म्हणतो आणि ‘मोर वॉटर’ही म्हणतो, त्यात घोटाळा झाल्याचे कोणी ऐकले नाही. अधिकाला एक शब्द पुरतो, मग उण्यालाच दोन का लागावेत? या प्रश्नाचे उत्तर भाषेच्या स्वभावात सापडत नाही. ते अठराव्या शतकातील लंडनमध्ये सापडते.

त्या शतकातील इंग्लंडला आपल्या भाषेची काळजी वाटू लागली होती. फ्रान्समध्ये 1635 पासून भाषेची अकादमी होती आणि वोझला या पंडिताने 1647 साली फ्रेंचच्या शुद्ध प्रयोगांवर प्रसिद्ध केलेल्या टिपणांना मोठा मान होता. इंग्लंडातही अशी संस्था असावी म्हणून जॉनथन स्विफ्टने 1712 मध्ये सूचना केली. ती फळाला आली नाही. अकादमीची ही रिकामी जागा मग एकेकट्या माणसांनी भरून काढली. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये कोश दिला, रॉबर्ट लाउथ या धर्मोपदेशकाने 1762 मध्ये व्याकरण दिले. आणि 1770 मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या एका गृहस्थाने वोझलाच्या धर्तीवर इंग्रजीसंबंधी टिपणांचे एक पुस्तक, स्वतःचे नावही न घालता, प्रसिद्ध केले.

हा बेकर मोठा प्रांजळ माणूस दिसतो. आपण पंधराव्या वर्षी शाळा सोडली, आपल्याजवळ पुस्तके अशी जवळजवळ नाहीत आणि जॉन्सनचा मोठा कोश अद्याप आपल्या दृष्टीस पडलेला नाही, असे त्याने स्वतःच सांगून टाकले आहे. या पुस्तकात ‘लेस’विषयी एक छोटेसे टिपण आहे. हा शब्द लोक बहुधा संख्येच्या बाबतीत वापरतात, असे तो प्रथम मान्य करतो. मग, तेथे ‘फ्यूअर’ अधिक बरा होईल आणि आपल्याला तो अधिक डौलदार व अधिक नेमका वाटतो, एवढेच तो नम्रपणे सुचवितो. लोकव्यवहार आपल्या विरुद्ध आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने आज्ञा केली नाही, आवड सांगितली.

पण आवड छापली गेली, की ती तिच्या मालकाची राहत नाही. पुढच्या व्याकरणकारांनी ती उचलली; उचलताना ‘मला वाटते’ हे शब्द गाळले आणि ‘असेच असावे’ हे शब्द घातले. दीडशे-दोनशे वर्षांत बेकरचे नाव पुसले गेले आणि त्याची आवड तेवढी नियम होऊन बसली. तरीही खुद्द इंग्लंडच्या रस्त्यावरील माणसाने ती पुरती मानली नाही. मोठ्या दुकानांत थोडा माल घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी रांग असते. तिच्यावरील ‘दहा वस्तू अथवा कमी’ या पाटीत ‘लेस’ शब्द असे. त्यावरून इतकी कुरकुर झाली, की टेस्को या दुकानदार कंपनीने 2008 साली पाटीची शब्दरचनाच बदलून ‘दहापर्यंत वस्तू’ अशी करण्याचे ठरविले. वाद सुटला नाही. वादाचा शब्द टाळला गेला.

ही पाटी इंग्रजांना थट्टेचा विषय वाटली असेल. आपल्या देशात मात्र या बारीक भेदांना वेगळेच वजन आले. मेकॉलेचे टिपण 1835 चे. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे 1857 ची. त्यानंतर इंग्रजी ही विद्येची भाषा झाली, तशीच ती नोकरीच्या दरवाजावरील द्वारपालही झाली. नेसफील्डचे व्याकरण आले; पुढे 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले. यांतील रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काही वर्षे काम केलेले गृहस्थ. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पिढ्यान् पिढ्या विद्यार्थ्यांनी ही पुस्तके घोकली. इंग्रज माणूस बोलताना ‘लेस’ म्हणून गेला, तर तो सहजतेने बोलला असे मानीत. हिंदी माणूस तेच बोलला, तर त्याला इंग्रजी येत नाही असे मानीत. शब्द एकच; पण एकाच्या तोंडी तो सवय ठरे आणि दुसऱ्याच्या तोंडी अपात्रता. लंडनमधील एका अल्पशिक्षित पण चोखंदळ माणसाची आवड हजारो मैल दूरच्या मुलाच्या वहीत अर्ध्या गुणाची शिक्षा होऊन उतरली, ती या वाटेने.

‘लेस’च्या पोटी जन्मलेल्या आणखी एका शब्दाची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. ‘लेस’ हा शब्द मुळातच तुलनावाचक. पण नेहमीचा ‘अर’ हा तुलनेचा प्रत्यय त्यात कानाला ऐकू येत नाही. म्हणून लोकांनी तो पुन्हा एकदा जोडला आणि ‘लेसर’ हा शब्द झाला. जॉन्सनने आपल्या कोशात त्याला रानटी अपभ्रंश ठरविले. मात्र सामान्यांनी काढलेला हा शब्द आधी कवींनी व मग गद्यलेखकांनी स्वीकारला, हेही त्याने नमूद केले. ‘वर्स’पासून असाच बनलेला ‘वर्सर’ अधिक ओबडधोबड वाटतो, तो केवळ तितका रुळला नाही म्हणून, असे मार्मिक निरीक्षण लाउथने केले आहे. आज ‘लेसर’ हा पूर्ण प्रतिष्ठित शब्द आहे. ठाण्याच्या खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या धाकट्या जातीला पक्षिशास्त्रज्ञ ‘लेसर फ्लेमिंगो’ म्हणतात, तेव्हा जॉन्सनचा राग कोणाला आठवत नाही.

हा दुहेरी प्रत्यय पाहून आपण इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. सर विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या भगिनीभावाकडे लक्ष वेधले. पुढे इंग्रजीही त्याच कुळातील असल्याचे भाषाशास्त्राने सिद्ध केले. त्याच नात्याने इंग्रजीतील ‘अर’ आणि ‘एस्ट’ हे प्रत्यय संस्कृतातील ‘ईयस्’ आणि ‘इष्ठ’ यांचे आप्त आहेत. दोहोंची तुलना करताना ‘तर’ व ‘ईयस्’ आणि सर्वांत वरचढपणा सांगताना ‘तम’ व ‘इष्ठ’ हे प्रत्यय पाणिनीने सांगितले आहेत. इंग्रजी प्रत्ययातील मूळ सकाराचा पुढे रेफ झाला. ‘लेस’ आणि ‘वर्स’ या शब्दांत मात्र तो जुना सकार अजून टिकून आहे. म्हणून हे दोन शब्द आपल्या ‘कनीयस्’ आणि ‘श्रेयस्’ यांच्या अधिक जवळचे दिसतात.

आणि दुहेरी प्रत्ययाचे म्हणाल, तर ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सर्वांत चांगला. तरी शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतम’ असे रूप आलेले आहे. मराठीने हे प्रत्यय सोडून ‘हून’ आणि ‘पेक्षा’ यांवर भिस्त ठेवली. तेव्हापासून आपण ‘अधिक श्रेष्ठ’ म्हणतो, ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो आणि त्यात काही चुकते असे आपल्याला वाटतही नाही. प्रत्ययाची धार बोथट झाली, की लोक त्याला पुन्हा धार लावतात. हा मनुष्यस्वभाव आहे; तो टेम्सच्या काठी एक आणि गोदेच्या काठी दुसरा असा नसतो.

मग हा नियम टाकून द्यावा काय? तसे मला वाटत नाही. मराठीत ‘यंदा कमी गंभीर चुका झाल्या’ असे म्हटले, तर चुकांची संख्या उतरली की त्यांचे गांभीर्य उतरले, हे वाक्य सांगू शकत नाही. इंग्रजीत ‘फ्यूअर सीरियस मिस्टेक्स’ म्हटले की संख्या कळते आणि ‘लेस सीरियस मिस्टेक्स’ म्हटले की गांभीर्य कळते. येथे हा भेद खरोखर उपयोगी पडतो. बेकरच्या आवडीत तथ्य होतेच. ती आवड उपयोगासाठी आहे आणि उपयोग नाही तेथे ती केवळ शिष्टाचार आहे, एवढे भान मात्र हवे. परीक्षेत, कचेरीच्या पत्रात आणि छापील लेखात तो शिष्टाचार अवश्य पाळावा. समोर कोणी चुकला तर त्याचे म्हणणे आधी ऐकावे.

माझ्या गुरुजींविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांना जे शिकविले गेले, ते त्यांनी निष्ठेने शिकविले. परंतु त्या दिवशी अर्धा गुण कापताना, हा नियम एका माणसाच्या आवडीतून आला आहे आणि एक राजाही तुझ्यासारखेच लिहून गेला आहे, असे त्यांनी सांगितले असते, तर मी नियम तर शिकलोच असतो. शिवाय ती लाज माझ्या वाट्याला आली नसती.