पाल म्हणजे दूध

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. चंद्रपूरच्या एका दवाखान्यात मी नातेवाइकाच्या उशाशी बसलो होतो. शेजारच्या खाटेवर धानोऱ्याकडचं एक गोंड लेकरू ‘पाल, पाल’ म्हणत रडत होतं. आम्ही सारे भिंतीवर पाल शोधू लागलो. तमिळनाडूहून आलेल्या नर्सबाईंनी मात्र पेलाभर दूध आणून दिलं. लेकरू शांत झालं. तमिळमध्ये दुधाला ‘पाल’ म्हणतात, आणि गोंडीतही!

मी याच मातीतला. घरात उर्दू, अंगणात झाडीबोली, कविता मराठीत. पण माझ्या मुलखाचा शब्द दूरच्या बाईंना कळला, मला नाही.

यात चमत्कार काही नाही. रॉबर्ट काल्डवेल यांनी १८५६ साली द्राविडी भाषांचं तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केलं. त्यात तमिळ, तेलुगू, कन्नडच्या पंगतीत गोंडीलाही पान मांडलं. हाताला दोन्हीकडे ‘कै’. गोंडीत गावाला ‘नार’ म्हणतात. ‘गावात’ म्हणायचं झालं की ‘नाटे’. तमिळनाडूतला ‘नाडू’ याच मुळाचा.

चांद्याला गोंड राजांनी परकोट दिला. राणी हिराईनं बांधलेली बीरशहाची समाधी आजही उभी आहे. १७५१ साली भोसल्यांनी हे राज्य घेतलं. १८५८ साली इंग्रजांनी बाबुराव शेडमाकेंना याच चांद्यात फाशी दिली. जटपुरा दरवाज्यातून आपण रोज ये-जा करतो. तो बांधणाऱ्यांची भाषा मात्र वेशीबाहेरच राहिली.

तमिळला २००४ साली अभिजात दर्जा मिळाला, मराठीला २०२४ साली. आनंदच आहे. तमिळ जरूर शिकावी. दोन हजार वर्षांचं साहित्य त्या भाषेत आहे. पण तिची बहीण आपल्या शेजारी राहते, तिचं काय? २०११च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते, तरी आठव्या अनुसूचीत गोंडी नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःच गोंडी शाळा सुरू केली. कारण साधं आहे. लेकरू दूध मागतं आणि गुरुजींना पाल ऐकू येते, तिथं शिक्षण सुरू होण्याआधीच थांबतं. दवाखान्यात, कचेरीत, कोर्टातही तेच.

म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी गोंडी शिकायला घेतली आहे. आठवडी बाजारात एकेक शब्द विचारतो. चुकलो की बाया खळखळून हसतात. हसू द्या. पुन्हा कुणी लेकरू रडलं, तर मला भिंतीकडे बघायचं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)