गोदीतून रणनीतीकडे : ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांच्या कारकिर्दीचे पुनर्वाचन

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारताच्या लष्करी इतिहासाची चर्चा बहुधा भूसीमेवरील लढायांभोवती फिरते. नौदलाचा उल्लेख येतो तो ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर झालेल्या हल्ल्यापुरता, आणि तोही एका धाडसाची कथा म्हणून. त्या वेळचे नौदलप्रमुख ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा (१९१५-२००९) यांचे नाव या कथेशी कायमचे जोडले गेले आहे. तथापि ते यश केवळ त्या रात्रीचे नव्हते. बंदर, गोदी आणि शासनव्यवहार यांच्या दीर्घ अनुभवातून ते घडले, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

जडणघडण

नंदा यांचे बालपण कराची बंदराच्या मुखाशी असलेल्या मनोरा येथे गेले. पुढे त्यांनी याच बंदराच्या प्रशासनात नोकरी केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, ते तत्कालीन रॉयल इंडियन नेव्हीच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाले. फाळणीनंतर त्यांचे गाव परक्या देशात गेले. बंदराची ओळख मात्र त्यांच्याजवळ राहिली. ब्रिटनकडून घेतलेली 'म्हैसूर' ही क्रूझर १९५७ मध्ये भारतीय नौदलात आली, तेव्हा तिचे पहिले नेतृत्व त्यांच्याकडे सोपविण्यात आले.

त्यांच्या चरित्रातील दुर्लक्षित टप्पा मुंबईचा आहे. सरकारने १९६० मध्ये ताब्यात घेतलेल्या माझगाव गोदीचे व्यवस्थापकीय संचालकपद त्यांनी त्या दशकाच्या पूर्वार्धात सांभाळले. लिएंडर वर्गाच्या फ्रिगेट भारतात बांधण्याचा कार्यक्रम याच काळात आकारास आला. त्या मालिकेतील पहिली नौका 'निलगिरी' ३ जून १९७२ रोजी नौदलात दाखल झाली, तेव्हा नंदा नौदलप्रमुख होते. नौदलाचे सामर्थ्य नौकांइतकेच त्या बांधणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या हातांवर अवलंबून असते, याचा प्रत्यय त्यांना पदाच्या दोन्ही बाजूंनी आला.

१९६५ चा धडा

१९६५ च्या युद्धात भारतीय नौदलाची स्थिती अवघड होती. 'विक्रांत' ही एकमेव विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि भारताकडे एकही पाणबुडी नव्हती. त्यातच पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस कारवाई करू नये, असा शासनाचा निर्बंध होता. सप्टेंबरमध्ये पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. त्याची भौतिक हानी किरकोळ होती. प्रतिष्ठेची हानी मोठी होती. त्या वेळचे नौदलप्रमुख व्हाइस ॲडमिरल भास्कर सदाशिव सोमण यांना हे निर्बंध मान्य नव्हते, परंतु युद्ध सुरू झाल्यावर ते उठविणे त्यांना शक्य झाले नाही.

१९७१ : पूर्वतयारी आणि निर्णय

नंदा यांनी फेब्रुवारी १९७० मध्ये नौदलप्रमुखपद स्वीकारले. सोव्हिएत संघाकडून घेतलेल्या आठ क्षेपणास्त्र नौका १९७१ च्या पूर्वार्धात भारतात पोहोचल्या. इतक्या वजनाच्या नौका उतरवू शकेल अशी क्रेन मुंबईत नव्हती. म्हणून त्या कलकत्त्यास उतरविण्यात आल्या आणि मोठ्या जहाजांनी ओढत मुंबईस आणल्या गेल्या. किनारा-संरक्षणासाठी बनविलेल्या या नौकांचा पल्ला तोकडा होता. परंतु ओढून नेल्यास त्या दूरवर वापरता येतात, हे या प्रवासाने दाखवून दिले. गोदीतील एका उणिवेतून रणनीतीची एक शक्यता उघड झाली.

दुसरी तयारी राजकीय होती. कराचीवर हल्ला करण्यास शासनाचा काही आक्षेप असेल काय, हे नंदा यांनी युद्धापूर्वीच पंतप्रधान इंदिरा गांधी यांना विचारले. युद्ध झालेच तर ते युद्धाप्रमाणेच लढावे लागेल, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे त्यांनी नमूद केले आहे. १९६५ मध्ये नौदल निर्बंधाच्या पलीकडे जाऊ शकले नव्हते. १९७१ मध्ये तो प्रश्न युद्धाआधीच सोडविण्यात आला.

४ डिसेंबरच्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या नौकांनी 'खैबर' ही विनाशिका व 'मुहाफिज' ही सुरुंगशोधक नौका बुडविली. ८ डिसेंबरच्या दुसऱ्या हल्ल्यात 'विनाश'च्या क्षेपणास्त्रांनी केमारीच्या तेलसाठ्याचा वेध घेतला.

मूल्यमापन

या यशाचे श्रेय एका व्यक्तीस देणे इतिहासाला धरून होणार नाही. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नंदा यांच्या आत्मचरित्राचे शीर्षक कराचीवर हल्ला करणारा माणूस असे सुचविते. परंतु पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एस. एन. कोहली, हल्ल्याचे नेतृत्व करणारे कमांडर बब्रुभान यादव आणि नौकांवरील खलाशी यांच्यावाचून ही योजना कागदावरच राहिली असती. तेलसाठ्यांच्या हानीत हवाई दलाच्या हल्ल्यांचाही वाटा होता.

विजयाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. ९ डिसेंबर रोजी दीवनजीक 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीने 'खुकरी' ही फ्रिगेट बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ खलाशी मृत्युमुखी पडले. आधुनिक पाणबुडीच्या शोधार्थ जुन्या फ्रिगेट पाठविण्यातील धोका येथे उघडा पडला. आक्रमणाची जेवढी सिद्धता होती, तेवढी पाणबुडीविरोधी युद्धाची नव्हती. नेतृत्वाचे मोजमाप करताना ही उणीव वगळता येणार नाही.

समारोप

४ डिसेंबर हा दिवस आज नौदल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवसाचे स्मरण केवळ पराक्रमाच्या अंगाने केल्यास सागरी सामर्थ्याचा पाया नजरेआड होतो. बंदराची जाण, गोदीतील उत्पादन, उणिवांतून शिकण्याची तयारी आणि राजसत्तेशी वेळेवर झालेला स्पष्ट संवाद या चार गोष्टींनी नंदा यांची कारकीर्द घडली. सागरी इतिहासाच्या अभ्यासकाने रणांगणाबरोबर गोदीचे व शासनव्यवहाराचे दप्तरही तपासले पाहिजे. आणि विजयाच्या नोंदीशेजारी 'खुकरी'च्या १९४ जणांची नोंद ठेवली पाहिजे.