वाइनरीची इमारत : विजेविना गारवा कितपत शक्य?

वाइननिर्मितीत तापमानावरील नियंत्रणाला अत्यंत महत्त्व आहे. पांढऱ्या वाइनचे किण्वन साधारणतः १२ ते १८ अंश सेल्सिअसला केले जाते, तर पिंपात मुरविण्यासाठी १२ ते १६ अंश तापमान योग्य मानले जाते. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरात वाइनरींची संख्या वाढली. येथे वाइनच्या द्राक्षांची तोडणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्च या काळात होते. पाठोपाठ उन्हाळा येतो आणि पारा चाळीस अंशांकडे झुकत असतानाच नव्या वाइनची साठवण करावी लागते. त्यामुळे शीतकरणाच्या विजेचा भार मोठा असतो.

हा भार इमारतीच्या रचनेतूनच कमी करता येतो. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास मावळतीचे ऊन झेलणारी भिंत आखूड राहते. काळ्या दगडाच्या जाड भिंती दिवसाची उष्णता आत पोहोचण्यास विलंब लावतात. दुहेरी छप्पर, त्यामधील हवेची पोकळी आणि वरचा पांढरा थर यांमुळे छतातून येणारी उष्णता घटते. नाशिकमध्ये कोरड्या ऋतूत दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो. म्हणून रात्री झरोके उघडून गार हवा आत घेणे आणि सकाळी ते बंद करणे उपयुक्त ठरते.

साठवणीसाठी तळघर अधिक चांगले. जमिनीखाली काही मीटर खोलीवर तापमान वर्षभर जवळपास स्थिर राहते. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे प्रसिद्ध आहेत. मात्र २००५ च्या महापुरात त्यांपैकी अनेक पेवांचे नुकसान झाले. तळघराची जागा निवडताना भूजल व पूररेषेचा विचार का आवश्यक आहे, हे त्यावरून स्पष्ट होते. किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असून तो सखल जागी साचतो व जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे तळघरात जमिनीलगतची हवा बाहेर काढण्याची सोय अनिवार्य आहे.

या उपायांना मर्यादाही आहेत. खोल जमिनीचे तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीइतके असते. नाशिकला ते सुमारे २५ अंश, तर चेन्नईलगतच्या तांबरम येथे त्याहूनही अधिक भरते. तांबरमच्या दमट हवेत रात्रीही फारसा गारवा नसल्याने झरोक्यांपेक्षा सावली आणि उष्णतारोधक थर यांवर भर द्यावा लागतो. बॉस्टनहून जहाजाने आलेला बर्फ साठविण्यासाठी १८४२ साली मद्रासच्या किनाऱ्यावर बर्फघर बांधण्यात आले होते. आज ते विवेकानंद भवन म्हणून ओळखले जाते. बर्फ टिकविण्याचे ते काम उष्णता बाहेर रोखण्यावरच अवलंबून होते.

थोडक्यात, उत्तम रचना शीतयंत्राची जागा घेत नाही. यंत्रावरील भार हलका करते आणि वीज खंडित झाल्यास वाइन खराब होण्यापूर्वी उपाययोजनेसाठी मोलाचा अवधी मिळवून देते.