अलिबाग : इतिहास व नागरी जीवन

महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीच्या कुलाबा) जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व अरबी समुद्रावरील एक छोटे शहर. लोकसंख्या २०,७४३ (२०११). मुंबईच्या दक्षिणेस जलमार्गाने सु. ३० किमी. व पनवेल-पेणमार्गे सडकेने सु. १०० किमी. अंतरावर ते वसले आहे. विस्ताराने लहान असले, तरी कोळी, आगरी, भंडारी, माळी, ब्राह्मण, मुसलमान, बेने इस्राएल, ख्रिस्ती इ. समाजांचे दीर्घकालीन सान्निध्य, आंग्र्यांच्या आरमाराचा वारसा आणि मुंबईशी असलेले दळणवळण यांमुळे कोकण किनाऱ्यावरील मिश्र नागरी जीवनाचे ते एक लक्षणीय उदाहरण मानता येते.

नाव व परिसर : ‘अलीची बाग’ यावरून अलिबाग हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे समजतात. हा अली कोण, याविषयी मात्र दोन परंपरा आहेत. एका परंपरेनुसार अली हा या भागात पुष्कळ विहिरी खोदून बागा लावणारा धनिक मुसलमान गृहस्थ होता. दुसऱ्या परंपरेनुसार तो एली नावाचा बेने इस्राएल बागाईतदार होता. दोन्ही परंपरांत विहीर आणि बाग या गोष्टी समान आहेत व त्याच या किनाऱ्यावरील वस्तीचा पाया होत. पुळणीच्या मागील वालुकामय जमिनीत गोडे पाणी थोड्या खोलीवर लागते. विहिरीवरील रहाटाने ते उपसून नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपण्याची पद्धत येथे जुनी आहे. अशा आगरांमुळे या भागाला ‘अष्टागर’ असे नाव मिळाले.

शहर होण्यापूर्वीपासून हा परिसर नांदता होता. दक्षिणेकडील चौल हे प्राचीन बंदर असून अफानासी निकितीन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे उतरला होता. शहरानजीकच्या आक्षी येथील शिलाहारकालीन मराठी शिलालेखाचा काळ काही अभ्यासक शके ९३४ (इ. स. १०१२) असा वाचतात. हे वाचन वादग्रस्त असले, तरी मराठीतील सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते.

इतिहास : शिवाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, १६८० मध्ये, किनाऱ्यासमोरील खडकावर कुलाबा किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले व ते संभाजी महाराजांच्या काळात पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांनी हे आपल्या आरमाराचे एक प्रमुख ठाणे केले. दस्तक घेतल्याविना जाणाऱ्या जहाजांना अटकाव करण्याच्या त्यांच्या धोरणामुळे इंग्रज व पोर्तुगीज यांच्याशी त्यांचा वारंवार संघर्ष झाला. १७२१ च्या अखेरीस या दोन्ही सत्तांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. परंतु थोरल्या बाजीराव पेशव्यांची मदत वेळीच पोहोचल्याने ती मोहीम फसली. कान्होजी १७२९ मध्ये मरण पावले. त्यांची समाधी शहरात आहे. किनाऱ्यावरील हिराकोट ही गढीही त्यांनीच बांधल्याचे सांगतात. किल्ल्यातील गणपतीचे देवालय पहिले रघूजी आंग्रे यांच्या काळातील आहे.

आरमाराच्या ठाण्याभोवती नावाडी, सुतार, लोहार, कारकून, व्यापारी व बागाईतदार यांची वस्ती वाढत गेली. रामनाथ हा वस्तीचा जुना भाग मानला जातो. औरस वारस न उरल्याने १८४० मध्ये आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी खालसा केले. कुलाबा हा १८६९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला व अलिबाग त्याचे मुख्य ठिकाण बनले. कचेऱ्या, न्यायालये व शाळा यांमुळे आरमारी गावाचे प्रशासकीय गावात रूपांतर झाले. १९८१ मध्ये जिल्ह्याचे नाव रायगड असे बदलण्यात आले.

मुंबईत विजेच्या ट्राम सुरू होणार असल्याने तेथील कुलाबा वेधशाळेच्या भूचुंबकीय नोंदींत व्यत्यय येणार होता. तेव्हा हे काम अलिबागेस हलविण्यात आले व १९०४ पासून येथे नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. जुनी व नवी वेधशाळा काही काळ एकाच वेळी चालविल्यामुळे नोंदींची मालिका अखंड राहिली. जगातील दीर्घकालीन भूचुंबकीय नोंदींत तिला मानाचे स्थान आहे.

समाज व भाषा : शहराची जुनी रचना आळ्या व वाडे यांची आहे. कोळीवाडा समुद्रालगत, तर ब्राह्मण आळी, इस्राएल आळी इ. वस्त्या आतील बाजूस आढळतात. आळी वेगळी असली, तरी बाजार, बंदर व कचेरी ही सर्वांची एकच. या व्यवहारातूनच मराठी ही सर्वांची समाईक भाषा झाली. तीत बोलींचे वैविध्य आहे. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ व ‘ण’चा ‘न’ होतो; कोळी बोलीचा शब्दसंग्रह मासे, वारे व होड्या यांविषयी विशेष समृद्ध आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडील कोर्लई गावातील ख्रिस्ती लोक पोर्तुगीजपासून बनलेली एक मिश्र बोली घरी बोलतात. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा मुलूख सोडल्यानंतरही ती टिकून राहिली, ही भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाची बाब ठरली आहे.

बेने इस्राएलांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज शहराच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच वाचले. त्यांचे वंशज कोकणातील गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते काम बंद ठेवीत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ असे म्हणत. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे गावांवरून पडलेली आहेत. मराठी ही त्यांची मातृभाषा असून ‘खिरीचा सण’ यासारखी सणांची नावेही मराठीच आहेत. पोहे, खोबरे, गूळ व फळे यांचा ‘मलिदा’ एलिया प्रेषिताच्या नावाने अर्पण करण्याची त्यांची प्रथा आहे. इस्राएल आळीतील मागेन अबोथ हे प्रार्थनामंदिर १८४८ मध्ये स्थापन झाले व १९१० मध्ये त्याचे पुनर्बांधकाम झाले. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्राची स्थापना झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. छळामुळे नव्हे, तर धर्मभावना व आर्थिक संधी यांमुळे हे स्थलांतर घडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. तोपर्यंत अलिबाग परिसरात या समाजाची मोजकीच घरे उरली होती.

शेती व भूमिसंघर्ष : वाडी, खाजण व समुद्र ही येथील उपजीविकेची तीन क्षेत्रे. वाडीत नारळ, सुपारी व विड्याची पाने होतात. खाडीकाठच्या खाजणात मातीचे बांध घालून भरतीचे पाणी अडवितात व उघाडीच्या दारांतून ओहोटीच्या वेळी आतील पाणी सोडून देतात. पावसाने क्षार धुपून गेल्यावर तेथे भात पिकते. एका ठिकाणी बांध फुटला, तरी साऱ्या गावाची जमीन खारी होते. म्हणून बांधाची दुरुस्ती ही पूर्वापार सामुदायिक जबाबदारी होती. भातानंतर हिवाळ्यात वाल व पांढरा कांदा ही पिके घेतात. पातींच्या वेण्या घालून विकला जाणारा, चवीला सौम्य असा हा कांदा प्रसिद्ध असून त्यास २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

ही जमीन राखणाऱ्या कुळांचा तिच्यावरील हक्क मात्र दीर्घकाळ अनिश्चित होता. पिकाचा मोठा वाटा खोत व जमीनदार घेत. शिवाय वेठ व इतर बाबी कुळांवर लादल्या जात. याविरुद्ध नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी संप पुकारला. सु. २५ गावांतील कुळांनी जमिनी कसण्यास नकार दिला. लाकूडफाटा विकून व मोलमजुरी करून त्यांनी सहा वर्षे कशीबशी निभावून नेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या लढ्यास पाठिंबा दिला व १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याविषयीचे विधेयक मांडले. त्याच वर्षी अलिबागेस ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू झाले. १९३९ च्या कूळकायद्याने कुळांना मर्यादित संरक्षण दिले. १९४८ चा कूळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलन कायदा यांनी ती वाटचाल पुढे नेली. शेतकरी कामगार पक्षास या भागात जो आधार मिळाला, त्याची मुळे या लढ्यात आहेत.

दैनंदिन जीवन : येथील दिनक्रम पाऊस आणि भरती-ओहोटी यांनी नियंत्रित होतो. वार्षिक पर्जन्य २०० सेंमी. हून अधिक असून बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो. हवा दमट व सम असते. उतरत्या कौलारू छपराची, पुढे पडवी व मागे विहीर असलेली जुनी घरे या हवामानास अनुरूप होती. पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे, सरपण भरणे, तसेच सोडे, सुकट, बोंबील इ. सुकी मासळी साठविणे ही बेगमीची कामे असत. वीज व गॅस आल्यावर त्यांतील काही मागे पडली. सुक्या मासळीचा बाजार मात्र टिकून आहे. मासळीच्या प्रजननकाळात, १ जून ते ३१ जुलैपर्यंत, यांत्रिक मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोळी समाज नव्या हंगामास सामोरा जातो.

भरतीची वेळ तिथीवरून काढण्याचा कोळ्यांचा ठोकताळा नवागतासही उपयुक्त आहे. पौर्णिमा व अमावास्येस भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास असते व पुढे प्रत्येक तिथीस ती सु. पाऊण तास उशिरा येते. पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीस ‘उधाण’, तर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या लहान भरतीस ‘भांग’ म्हणतात. उधाणाच्या ओहोटीत पाणी दूरवर हटते व कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. परतण्याची वेळ न साधणाऱ्यास मात्र पुढील ओहोटीची वाट पाहावी लागते.

आहारात भात व मासे यांस प्राधान्य आहे. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात घालून, मडके पालथे करून भोवती जाळ लावून ‘पोपटी’ केली जाते. कार्तिकातील वरसोलीची यात्रा व दत्तजयंतीस भरणारी चौलची यात्रा हे परिसरातील मोठे मेळावे असून वर्षाची खरेदी तेथे करण्याची रीत होती.

शहरात जिल्हा रुग्णालय व त्यास संलग्न शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून महाविद्यालयीन शिक्षणाचीही सोय आहे. विशेष उपचार व नोकरी यांसाठी मात्र मुंबईकडे पाहावे लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला व गेटवेवरून मांडव्याला जलवाहतूक चालते. पावसाळ्यात लहान बोटी बहुधा बंद राहतात. वाहने नेणारी रो-रो सेवा २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा या मार्गावर सुरू झाली. प्रवाशांसाठी लोहमार्ग शहरापर्यंत आलेला नाही. पेण हे सोयीचे स्थानक होय. सडकेचा प्रवास २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूमुळे सुकर झाला. मुंबईत भोळ्या माणसास उद्देशून ‘अलिबागहून आला आहेस का?’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. त्यावर बंदी घालावी अशी याचिका २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. खेड्यापाड्यांतून बोटीने उतरणाऱ्या नवख्यांकडे महानगर कोणत्या दृष्टीने पाही, याची खूण त्या वाक्प्रचारात राहिली आहे.

परिवर्तन व प्रश्न : थळ येथील खत कारखाना १९८५ च्या सुमारास उत्पादन करू लागला व औद्योगिक रोजगाराबरोबरच भूसंपादनाचे प्रश्नही उद्भवले. त्यानंतर मुंबईकरांची बंगलेवस्ती व पर्यटन यांची झपाट्याने वाढ झाली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी ज्या किहीम येथे १९३० मध्ये सुगरण पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला, तेथील वाड्यांच्या जागी विश्रामगृहे उभी राहिली. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने नारळी-पोफळीची अपरिमित हानी केली. पोफळ फळास येण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे वादळात गेलेली वाडी पुन्हा लावावी की जमीन विकावी, हा प्रश्न अनेक बागाईतदारांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाचे स्वरूप केवळ आर्थिक नाही. अलिबागचे मिश्र जीवन हे एखाद्या तत्त्वाच्या पुरस्कारातून नव्हे, तर विहीर, बांध, बंदर व बाजार यांच्या सामाईक गरजेतून घडले. तेल घाण्यावरून यावे, मासळी कोळीवाड्यातून, तांदूळ खाजणातून व सुपारी वाडीतून, अशी परस्परावलंबी घडी तेथे होती. तेलाचे घाणे बंद पडले व ते चालविणारा समाज बव्हंशी परदेशी गेला. कुळांनी सहा वर्षांच्या संपाने ज्या हक्कांसाठी झुंज दिली, त्या हक्कांच्या जमिनीस नंतरच्या काळात पिकापेक्षा भूखंड म्हणून अधिक मोल आले. जमीन विकणाऱ्यास त्यातून शिक्षण, घर व व्यवसाय यांसाठी भांडवल मिळाले, हे खरे; परंतु बांधाची देखभाल करण्यास गावात माणसे उरली नाहीत, तर उरलेल्या शेतीसही धोका पोहोचतो. नव्याने येणारा रहिवासी या जुन्या देवघेवीत कितपत सहभागी होतो, यावर या शहराच्या मिश्र जीवनाचे पुढील स्वरूप अवलंबून राहील.